माहेरच्या वाटेचा खेळ

नारपोलीत दुपारी लाइट गेली की आधी कान बावचळायचे. दिवसरात्र खडखडणारे लूम, म्हणजे यंत्रमाग, एकदम गप्प व्हायचे आणि माणसं त्या शांततेतही सवयीनं ओरडूनच बोलत राहायची. दोन हजार पाच-सहा सालची ही गोष्ट. लोडशेडिंग एवढं, की कामगार गाळ्यांच्या सावलीत पोती टाकून आडवे व्हायचे आणि गल्लीतल्या बाया कमळावहिनींच्या ओटीवर जमायच्या.

कमळावहिनी म्हणजे सावळाराम पाटलांची बायको. सावळारामदादांनी शेताच्या तुकड्यावर गाळे बांधून लूमवाल्यांना भाड्यानं दिले होते. घर त्या गाळ्यांना लागूनच. ओटी ऐसपैस, खाडीकडून येणारा वारा थेट तिच्यावर. पण बाया काही फक्त वाऱ्यासाठी यायच्या नाहीत. ओटीच्या लादीवर वहिनींनी खिडक्यांच्या गजांना लावून उरलेल्या हिरव्या तेलरंगानं वाघ-बकरीचा पट काढला होता. वाघाच्या जागी लूमवरची सुताची रिकामी कांडी, बकऱ्यांच्या जागी खडे. वाघ उडी मारून बकऱ्या खाणार, बकऱ्या वाघाला चहूबाजूंनी कोंडणार. वहिनी वाघ घेवोत नाहीतर बकऱ्या, जिंकायच्या त्याच.

हा खेळ त्यांना बापानं शिकवला होता. बाप, नवशा, मिठागरावर कामाला. भरती उतरायची वाट बघत बसला की चिखलात काठीनं रेघा ओढून लेकीला डाव लावून द्यायचा. वहिनींचं माहेरही नारपोलीतच, मागच्या गल्लीत. आईबाप गेले, भावांनी घर पाडून तिथं गाळे काढले आणि ते वसईला राहायला गेले. त्यामुळं लग्नात वहिनी ज्या वाटेनं सासरी आल्या, ती वाट चालायला एक विडा चघळण्याइतकाही वेळ लागत नसे. माहेरी जाणं, चार दिवस राहणं, परत येताना रडणं, यातलं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. त्याबद्दल त्या कधी बोलतही नसत.

वहिनी मुळात जळकुट्या नव्हत्या, हे सांगायला हवं. शेजारणीकडं नवा फ्रिज आला तेव्हा दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या पाण्याच्या बाटल्या तिच्याकडं नेऊन ठेवणारी बाई. दुसऱ्याचं सोनं, साडी, पोरांचे मार्क, कशानंच त्यांचं पोट दुखत नसे. पण त्या पटाभोवतीची गोष्ट वेगळी होती. वहिनी खडा उचलून विचार करायला लागल्या की ओटीवर चिडीचूप व्हायचं. गल्लीतल्या वयस्कर जानकीबाईंच्या बांगड्यासुद्धा वाजायच्या नाहीत. ती शांतता त्यांची होती, कमावलेली.

मग धाकट्या दिराचं, कुमारचं, लग्न झालं. बायको आली अकलोलीची, नाव निशा. गरम पाण्याच्या कुंडांजवळ तिच्या आईचं भजी-चहाचं दुकान. पोरगी हसरी, तोंडानं फाटकी, आणि जरा मिरवायची हौस असलेली. वहिनींनी तिला पहिल्याच आठवड्यात पटावर बसवलं.

निशानं बकऱ्या घेतल्या आणि भराभरा सगळ्या वाघाच्या तोंडात दिल्या.

"अगं, बघून तरी टाक," वहिनी म्हणाल्या.

"बघत्येय की. तुमचा वाघ किती खातो ते बघत्येय," निशा म्हणाली, आणि बाया खो-खो हसल्या. हरलेल्या डावावर कुणी असं हसावं, हे वहिनींना तेव्हाच खटकलं.

पुढं काही दिवस निशा भिंतीला टेकून नुसती जांभया देत बसायची. मग एका दुपारी ती पांढऱ्या ग्रे कापडाचा, म्हणजे लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा, तुकडा घेऊन बाहेर आली. त्यावर तिनं स्केचपेननं एक वाकडीतिकडी वाट काढली होती. वाटेवर घरं पाडलेली. सुरुवातीला 'सासर', मग नारपोली, एस.टी. स्टँड, नदीनाका, अंबाडी, वज्रेश्वरी, आणि शेवटी कुंडाच्या वाफेत 'माहेर'. फोडलेले चिंचोके फासे म्हणून. सोंगट्या म्हणजे जिच्या तिच्या ब्लाउजचं बटण. मधल्या घरांत काहीबाही लिहिलेलं. 'सासूनं हाक मारली, एक डाव थांबा.' 'एस.टी.त सीट मिळाली, दोन घरं पुढं.' 'नवऱ्याचं नाव घ्या, न्हाय तर मागं.' मागून येऊन कुणी गाठलं, तर मात्र थेट परत सासरी.

"हा कसला खेळ?" वहिनींनी विचारलं.

"मना माहेरी जायचंय," निशा म्हणाली. "हे पाठवत न्हायत. मग म्हटलं असंच जाऊ."

त्या दुपारी सगळ्या जणी कापडाभोवती बसल्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी जानकीबाई म्हणाल्या, "सारखं अकलोलीला काय जायचं? आज माझ्या माहेरी चला, पडघ्याला." मग शेवटचं घर रोज बदलायला लागलं. ज्या बाईचं माहेर, तिनं तिथलं काहीतरी सांगायचं, आणि जी आधी पोचेल तिला तिनं काय खायला घातलं असतं तेही सांगायचं. जानकीबाईंनी पडघ्याच्या घरातली म्हैस, तिची शिंगं, तिचा स्वभाव, असं सगळं सांगितलं. सांगताना त्यांची पाळी आली आणि गेली, त्यांना पत्ता नाही.

हिरव्या पटावर धूळ बसली. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायच्या आणि कान बाहेर. हसण्याचा आवाज आला की मुठीतले तांदूळ आवळले जायचे.

"यात डोकं कुठं हाय?" त्या सावळारामदादांना म्हणाल्या. "चिंचोके पडतील तसं जायचं. गाढवाला बसवलं तरी जिंकेल."

"मग तूही बस," दादा म्हणाले.

"मी काय गाढव हाय?"

पण न बघता राहवेना. मत्सरानं माणसाची नजर धारदार होते, तशी वहिनींची झाली. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, खेळ म्हणजे जिंकणं, आणि ज्याला जिंकता येत नाही त्याला मजा येत नाही. आता उंबऱ्यातून त्यांना दिसायला लागलं की तसं नाही. भावना, शेजारच्या घरची सून, जिंकण्यासाठी खेळतच नव्हती. चिंचोके हातात खुळखुळवताना तिचे डोळे चमकायचे, आणि ते खाली पडले की तिची मजा संपायची. आनंदीबाईंना, ज्या कुणाशी फारसं बोलत नसत, दुसरीला गाठून मागं पाठवण्यात रस. त्यासाठी त्या स्वतःची चाल वाया घालवायच्या. जानकीबाईंना सोंगटी नकोच होती, त्यांना फक्त ऐकणारी माणसं हवी होती. आणि निशाला काय हवं होतं? तिला हवं होतं की सगळ्यांनी तिच्या कापडाकडं बघावं. हे वहिनींना सगळ्यात आधी कळलं, कारण तेच त्यांनाही हवं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. खेळ कधी संपतच नसे. अंबाडी, वज्रेश्वरीपर्यंत कुणी पोचली की मागची तिला गाठायची आणि बिचारी थेट सासरी. मग ती मागून निघून दुसरीला गाठायची. लाइट यायची, लूम सुरू व्हायचे, बाया घाईघाईनं उठायच्या. माहेरी कुणीच पोचत नसे. शेवटी शेवटी भावनासुद्धा कंटाळून बटण तोंडात घालून बसायची.

वहिनींना मनातून बरं वाटलं. एका दुपारी त्या हात पुसत बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "निशा, तुझा खेळ मोडका हाय."

ओटी गप्प झाली. बऱ्याच दिवसांनी.

"कसा काय?"

"इतके दिवस खेळताय, एक तरी माहेरी पोचली काय? गाठलं की पार सासरी पाठवतेस. मग पोचणार कोण? हा माहेराचा खेळ न्हाय, सासुरवासाचा हाय."

निशाचा चेहरा पडला. वहिनींनी तो पुरेपूर बघून घेतला. आत वळणार, एवढ्यात निशानं विचारलं, "मग काय करायचं?"

आता गप्प बसायला हवं होतं. पण प्रश्न पटावरचा होता आणि त्याचं उत्तर वहिनींच्या डोक्यात तयार होतं. तोंडातून निघून गेलं, "सासरी कशाला पाठवायची? मागच्या थांब्यावर पाठव. वज्रेश्वरीला गाठली तर अंबाडीला. अंबाडीला गाठली तर नदीनाक्याला. म्हणजे मार पण बसेल आणि बाई पोचेल पण."

निशानं लगेच स्केचपेन आणून थांब्यांना लाल गोल केले. त्या दुपारी लाइट यायच्या आत आनंदीबाई माहेरी पोचल्या. त्या दिवशीचं माहेर त्यांचंच, टेमघर. तिथं आजी खाडीतली कोळंबी कशी भाजायची, हे त्यांनी अडखळत, पण सांगितलं. आनंदीबाईंना एवढं बोलताना गल्लीनं पहिल्यांदा ऐकलं. खेळ आधी चांगला होता, आता तो सुटेना असा झाला.

वहिनींचा त्या रात्री जेवणात जीव नव्हता. मारायला काढलेल्या काठीनं आपणच शेजाऱ्याचा मांडव उभा करून दिला, असं झालं होतं.

मग त्यांनी ठरवलं, आपला खेळ काढायचा. उंबऱ्यात बसून जे जे पाहिलं होतं ते सगळं त्यात घालायचं. भावनासाठी चिंचोके, आनंदीबाईंसाठी गाठागाठी, जानकीबाईंसाठी गोष्ट सांगायची घरं, आणि वर स्वतःसाठी डोकं लागेल अशी चाल. नाव ताणा-बाणा. उभ्या धाग्यांवर एकीची माणसं, आडव्यांवर दुसरीची, आणि दोन धागे जिथं छेदतात तिथं लढाई. बरेच दिवस खपून त्यांनी तो जाड पुठ्ठ्यावर आखला. स्वतःशीच दोन्ही बाजूंनी खेळून पाहिला. खेळताना भाजी करपली, ते त्यांना चांगलं लक्षण वाटलं.

ओटीवर पुठ्ठा मांडला त्या दिवशी बाया कौतुकानं बसल्या. वहिनींनी नियम सांगायला सुरुवात केली. सांगून झालं तोवर भावनाला तहान लागली होती. ती पाणी पिऊन आली आणि म्हणाली, "काकी, परत एकदा सांगा ना." वहिनींनी परत सांगितलं. गोष्टीच्या घरात जानकीबाई आल्या, म्हैस सुरू केली, तर वहिनी म्हणाल्या, "थोडक्यात सांगा, पुढची चाल विसरायला होईल." आनंदीबाईंनी एकीला गाठलं, तर वहिनींनी समजावलं की ते धाग्याच्या या बाजूनं चालत नाही, त्या बाजूनं चालतं.

शेवटी जानकीबाईंनी गुडघ्यावर हात टेकले. "कमळे," त्या म्हणाल्या, "राग मानू नको. पण हा खेळ न्हाय, ही शिफ्ट हाय."

सगळ्या हसल्या. निशा हसली नाही, ती पुठ्ठ्याकडं निरखून बघत होती. पण वहिनींना वाटलं तीच सगळ्यात जास्त हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशाचा कापडी पट दोरीवर वाळत घातलेला सापडला. कोरा. स्केचपेनची वाट, घरं, लाल थांबे, सगळं वाहून गेलेलं. कुठं कुठं निळसर डाग तेवढे.

"चादरींबरोबर बादलीत गेला वाटतं," वहिनी म्हणाल्या. "मना दिसलाच न्हाय."

निशानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि कापड घडी करून आत नेलं.

दुपारी लाइट गेली. बाया आल्या. निशानं तेच डागाळलेलं कापड ओटीवर पसरलं आणि सगळ्यांच्या आठवणीतून पुन्हा वाट काढायला घेतली. सासूची हाक कुठं होती, एस.टी.ची सीट कुठं होती, भावना आणि जानकीबाई सांगत होत्या. थांब्यांपर्यंत आल्यावर तिनं पेन थांबवलं आणि मान वर करून, अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "वहिनी, तुमचा तो नियम कसा होता हो? गाठलं की कुठं पाठवायचं? माझ्या ध्यानात न्हाय राहिला."

निशा भोळी नव्हती. नियम तिला पाठ होता, ओटीवरच्या प्रत्येकीला पाठ होता. पण सगळ्या वहिनींकडं बघत राहिल्या.

वहिनींच्या जिभेवर खोटं आलं. थांबा मागचा नव्हे, त्याच्याही मागचा, असं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. खेळ पुन्हा रखडला असता, आठवडाभरात बाया कंटाळल्या असत्या. नाहीतर 'मना न्हाय आठवत' म्हणून उठून जाता आलं असतं. पण त्यांना चुकीची चाल कधीच बघवली नव्हती, दुसऱ्याच्या पटावरसुद्धा नाही. वाघ-बकरीत समोरची चुकायला लागली तर त्या डोळ्यांनी खुणावायच्या.

"मागचा थांबा," त्या म्हणाल्या. "लगेच मागचा. आणि नदीनाक्याचा गोल जरा अलीकडं काढ. तिथं फार मरतात."

निशानं गोल अलीकडं काढला.

संध्याकाळी मोरीवर भांडी घासताना दोघीच होत्या. निशा म्हणाली, "वहिनी, चादरी तर परवाच धुतल्या होत्या."

वहिनी तवा घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीच धुतला. मना बघवत न्हवतं."

निशानं ताट विसळलं, पालथं घातलं. "मना पण न्हाय बघवत," ती म्हणाली.

"तुला काय बघवत न्हाय? सगळं तर तुझं चाललंय."

"माझ्या खेळात बाया मध्येच उठून पाणी प्यायला जातात. भाजी निवडतात. कुणी माझ्याकडं बघत पण न्हाय, आपापल्या माहेराचं बोलतात. तुम्ही खडा उचललात तर श्वास धरून बसायच्या. मना लहानपणापासून तसं कुणी कधी गप्प राहून बघितलं न्हाय. तुमच्याकडं बघून मी घरात जाऊन रडले हाय, पहिल्या आठवड्यात."

वहिनींनी निशाच्या हातातली उरलेली भांडी ओढून घेतली आणि तिला आत जायला सांगितलं. गळ्यात पडणं वगैरे झालं नाही. पण आपलाही कुणी एवढा मत्सर करतं, हे ऐकून त्यांना त्या रात्री शांत झोप लागली, असं त्यांनी पुढं स्वतःच सांगितलं.

दोन हजार सातमध्ये वीज पुरवायचं काम खासगी कंपनीकडं गेलं आणि हळूहळू दुपारची लाइट जायची बंद झाली. लूम अखंड चालायला लागले. गल्लीत पैसा आला, आणि आवाजही. ओटीवर निशाचा खेळ जमेना. कुणी माहेराची गोष्ट सांगायला लागलं की शेजारच्या गाळ्यातल्या खडखडाटात ती विरून जायची. जानकीबाई ओरडून ओरडून थकल्या आणि यायच्या बंद झाल्या.

निशा स्वस्थ बसणारी नव्हती. संक्रांतीला तिनं कुमारच्या ओळखीच्या छपाईवाल्याकडून तो पट कापडावर छापून घेतला आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटला. प्लास्टिकच्या डब्यांना कंटाळलेल्या बायांना ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षी दुसऱ्या घरांतूनही मागणी आली. शेवटचं घर तिनं रिकामं ठेवलं होतं, जिचं तिनं माहेर लिहावं म्हणून. कोपऱ्यात छापलं होतं, 'निशाचा खेळ'.

आनंदीबाईंच्या भाचीनं टेमघरला हळदीकुंकू ठेवलं तेव्हा वहिनीही गेल्या. तिथं लूम नव्हते. अनोळखी बाया गोल करून तो पट खेळत होत्या. एकीनं दुसरीला गाठलं आणि टाळी देऊन ओरडली, "कमळी लागली! जा अंबाडीला!"

वहिनींनी शेजारच्या बाईला विचारलं, "कमळी म्हणजे काय?"

"मागच्या थांब्यावर जायचं त्याला कमळी म्हणतात," ती बाई म्हणाली. "का ते काय माहीत न्हाय. असंच म्हणतात."

घरी आल्यावर सावळारामदादांनी विचारलं, कसं झालं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "नाव सगळीकडं निशाचंच." आणि मग साडी बदलता बदलता, जरा वेळानं, "माझं पण हाय म्हणा. मार बसतो तिथं."

त्याच उन्हाळ्यात त्यांनी ताणा-बाणाचा पुठ्ठा माळ्यावरून काढला आणि त्यातलं एकेक खोडायला घेतलं. चिंचोके काढले. गोष्टीची घरं काढली. धाग्याच्या या बाजूचा आणि त्या बाजूचा फरक काढला. दुसऱ्यांच्या मजेसाठी म्हणून जे जे घातलं होतं ते सगळं गेलं आणि उरल्या दोघींच्या दोन रांगा आणि छेदणारे धागे. नियम आनंदीबाईंना एका दमात समजले. आनंदीबाई मुळात अबोल, गाठायला टपलेल्या. दोघींना एकमेकींशी बोलायची गरजच नव्हती. बाजूला लूम कितीही कोकलोत, ओटीवर त्यांचा खेळ चालायचा. आनंदीबाई कधीकधी जिंकायच्यासुद्धा, आणि तेव्हा वहिनी दोन दिवस धड बोलत नसत.

बाकी कुणी तो खेळ शिकलं नाही. कुणी छापला नाही, वाटला नाही. निशाला मात्र राहवत नसे. वाणाच्या कापडांचे गठ्ठे बांधता बांधता ती दारात येऊन उभी राही आणि दोघींच्या वाकलेल्या डोक्यांकडं बघत राही. एकदा आवाजावर आवाज चढवून तिनं विचारलं, "वहिनी, मना शिकवाल का हा?"

वहिनींनी नजर पुठ्ठ्यावरून न काढता हातानंच तिला खुणावलं, थांब. चाल त्यांची होती. निशा थांबली, गप्प.